वाघ मारणाऱ्याचा नातू

माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही. भंडाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी ते गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तरी अमेरिकेत, चँडलरमधल्या माझ्या ऑफिसात त्यांना सगळे वाघ मारणारा शिकारी म्हणून ओळखायचे. ही ओळख मीच करून दिली.

झालं असं, की आमच्या टीममधले चार-पाच जण दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. परत आले की महिनाभर लंचला दुसरा विषय नसतो. अकरा वर्षं मी त्या टेबलावर डबा उघडून बसत होतो. मशीन बंद पडलं की सगळे माझं ऐकायचे, पण एल्क निघाला की मी आपला भाजीत मान घालून बसायचो. एके दुपारी कुणीतरी मलाही बोलण्यात घ्यावं म्हणून विचारलं, "तुमच्याकडे वाघ असतात ना? तू पाहिलायस?"

मी म्हणालो, मी नाही पाहिला, पण आजोबांच्या गावाला लागून जंगल होतं. एकदा वाघाने एका माणसाची गाय फाडली, तेव्हा आजोबा... मी सांगणार होतो की आजोबा तिला टाके घालायला चार कोस सायकल मारत गेले. तेवढ्यात माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला सहकारी डोळे मोठे करून म्हणाला, "आणि त्यांनी वाघाला मारलं?"

सगळे खायचे थांबले होते. मी म्हणालो, "हो."

त्या 'हो'वर माझी पुढची तीन वर्षं चांगली गेली. कुणी नवीन आलं की सहकारी माझी ओळख करून द्यायचा, "याचे आजोबा वाघ मारायचे." वाघही आपोआप वाढले, एकाचे चार झाले. मी फक्त हसायचो. नाही म्हणायचं राहून गेलं, असं मी मनाला सांगत होतो.

नागरिकत्व मिळालं त्या वर्षी सहकारी म्हणाला, "आता तू रायफल घे. आमच्याबरोबर चल." मला इतका आनंद झाला की मी लगेच तयार झालो. शनिवारी तो मला फीनिक्सच्या जत्रेच्या मैदानावर घेऊन गेला. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन भरलं होतं. बंदुकांच्या तेलाच्या वासात पॉपकॉर्नचा वास मिसळला होता, लोक बाबागाड्या ढकलत टेबलांमधून फिरत होते. बायकोला मी सांगितलं होतं, टायर बदलायला जातोय.

एका कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा एकच रायफल घेऊन बसला होता. बोल्ट अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा, अशी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हात लागून लागून काळपट आणि गुळगुळीत झाला होता. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडले होते. समोरचं दिसायचं नाही म्हणून तो मान तिरकी करून बघायचा.

आमच्या आधी तिथे एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल, अंगात गोदामात काम करणाऱ्यांचं जॅकेट. एल्क मारायचा परवाना इथे लॉटरीने मिळतो. तिचा नंबर नऊ वर्षांनी लागला होता, असं ती म्हाताऱ्याला सांगत होती. रायफल तिने खांद्याला लावून बघितली, बोल्ट दोनदा ओढला, आणि म्हणाली, "मी एटीएमला जाऊन येते. तेवढा वेळ थांबाल?"

म्हाताऱ्याने मान हलवली. ती गेली.

मग सहकाऱ्याने मला पुढे ढकललं. "हा बघा. याचे आजोबा हिंदुस्थानात वाघ मारायचे."

म्हाताऱ्याने मान तिरकी केली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "पायी जाऊन?" त्याने विचारलं.

"पायी," मी म्हणालो.

त्याने रायफल उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ती पहिल्यांदा त्याच्या वडिलांची होती, नंतर चाळीस वर्षं त्याची. मूलबाळ नव्हतं. "मला ही कुणालाही द्यायची नव्हती," तो म्हणाला, "ज्याच्या घरात शिकार आहे, त्यालाच द्यायची होती." मला त्या बाईची आठवण होती. विसरलो होतो असं मला म्हणता येणार नाही. मी खिशातून पैसे आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढून त्याच्यापुढे ठेवलं; खाजगी विक्रीत इथे ओळखीला तेवढं पुरतं.

व्यवहार झाला आणि ती बाई धापा टाकत परत आली. तिने रायफल माझ्या हातात बघितली.

"मी येते म्हणाले होते ना," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"माफ करा बाई. याचे आजोबा वाघांचे शिकारी होते."

ती माझ्याकडे वळली. चिडली नव्हती. तिने अगदी सरळ विचारलं, "खरंच?"

त्या वेळी मधे बोलायला कुणी नव्हतं, सहकारी पलीकडच्या टेबलावर चाकू बघत होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो, खरंच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि गर्दीतून निघून गेली.

बायकोला सांगावंच लागलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग कुलपाचं लोखंडी कपाट मागवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिने एवढंच विचारलं, "तुला कशाला रे ही?" मी म्हणालो, ऑफिसातले सगळे जातात.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सहकाऱ्याचा फोन आला. म्हाताऱ्याला मला काही द्यायचं होतं, सहकारी त्याला गाडीत घेऊन निघालाही होता. मला नाही म्हणता आलं नाही. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने डबाभर काडतुसं आणली होती, डोळे चांगले होते तेव्हा स्वतः भरलेली. सोबत रायफलचा चामडी पट्टा, त्यावर त्याच्या वडिलांनी हाताने कोरलेली पानं. आईने चहा केला, चिवडा ठेवला. सहकारी तिला म्हणाला, "तुमच्या वडिलांबद्दल आम्ही फार ऐकलंय. वाघांचे शिकारी."

आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. इंग्रजी हळू बोलते, पण तिला सगळं कळतं. हातात ट्रे तसाच धरून तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हो," आई इंग्रजीत म्हणाली. "ते फार धीट होते."

म्हातारा पुढे सरकला. "किती वाघ मारले असतील?"

"ते मोजत नसत," आई म्हणाली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती.

"आई, ते ऑफिसात बोलता बोलता..."

"माझ्या बापाला शिकारी केलंस तू?" तिने वळून बघितलं नाही. "वाघाने फाडलेली गाय कशी हंबरते ठाऊक आहे? मालकसुद्धा जवळ उभा राहत नाही. आप्पा तिच्या जखमेत कोपरापर्यंत हात घालायचे. घरी आले की विहिरीवर तासभर हात धूत बसायचे. हे सांगायला तुला लाज वाटली?"

ती नळ बंद करून म्हणाली, "आणि आज मी त्यांच्या नावाने खोटं बोलले. चार लोकांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. या वयात."

ती रडली असती तर मी काहीतरी समजूत घातली असती. तिने फक्त हात पुसले आणि आपल्या खोलीत जाऊन पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सहकाऱ्याकडून पत्ता घेऊन म्हाताऱ्याकडे गेलो. शहराबाहेर त्याचं छोटं घर होतं, अंगणात निवडुंग आणि एक जुना ट्रक. बायकोकडून किल्ली घेऊन रायफल काढली होती, पट्टा आणि काडतुसंही मी परत नेली होती. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. आजोबा शिकारी नव्हते, वाघ एकही नव्हता, मी खोटं बोललो. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"रायफल गाडीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही परत घ्या."

"घेऊन काय करू? मला दिसत नाही."

"मग त्या बाईंना देतो. त्यांचा फोन नंबर आहे तुमच्याकडे?"

"नाही," तो म्हणाला. "तिने बोल्ट कसा ओढला ते ऐकलं होतं मी. तिला येत होतं. नऊ वर्षं थांबली होती ती, आणि मी तिला परत पाठवलं. तू मला ते करायला लावलंस."

"माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. मी आणलेला पट्टा त्याने माझ्या हातातून घेतला, काडतुसांचा डबाही घेतला. "रायफल तू ठेव. फक्त ती माझी होती असं कुणाला सांगू नकोस."

खरे आजोबा कोण होते, हे सांगायची मी मनात तयारी करून गेलो होतो. सायकल, टाके, विहीर, सगळं. त्याने विचारलंच नाही. दार लावून घेतलं.

मंगळवारी लंचला मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. शेजारचा सहकारी मोठ्याने हसला. "अरे, शिकारीबद्दल खोटं कोण बोलत नाही? चल तू आमच्याबरोबर." ते गेले तेव्हा मी गेलो नाही. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

त्या बाईला मी शोधायचा प्रयत्न केला. पुढच्या दोन प्रदर्शनांना एकटाच गेलो, टेबलांमधून फिरलो, तसलं जॅकेट दिसलं की पुढे जाऊन चेहरा बघितला. ती दिसली नाही. शेवटी शिकारीचं शिक्षण देणाऱ्या एका स्थानिक क्लबला रायफल देऊन टाकली. ज्यांच्याकडे स्वतःची नसते ते लोक तिथली वापरतात.

आई जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीला आप्पांच्या गोष्टी सांगत होती. वाघाने फाडलेल्या गाईची गोष्ट निघाली. मुलीने इंग्रजीत विचारलं, मग ती गाय वाचली का? आईने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "बाबाला विचार, त्याला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. गाईचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.