चांदवड ते इंदिरानगर: एका दुखऱ्या खांद्याचा प्रवास

या ब्लॉगवरचा हा सगळ्यात छोटा प्रवास. चांदवड ते नाशिक, जेमतेम पासष्ट किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. डोंगर नाही, किल्ला नाही आणि फोटोही नाहीत, कारण जिथे गेले होते तिथे फोटो काढणं बरं दिसलं नसतं. तरी लिहितेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं की हल्ली नवीन काही का येत नाही. तर त्याचं कारण माझा उजवा खांदा.

आठ महिन्यांपूर्वी तो धरला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असं नाव सांगितलं, गोळ्या आणि व्यायाम दिले. हात कानाच्या वर जाईना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथे वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला स्टूल घेऊ लागले. वेणी घालता येईना म्हणून केस मानेपर्यंत कापले आणि सगळ्यांना सांगितलं की जरा बदल हवा होता. या ब्लॉगच्या माथ्यावर मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं की मी एकटी फिरते आणि मजेत फिरते. मे महिन्यात हिमाचलमधल्या स्पितीला जायचं मनात आहे, आणि स्वतःची पिशवी स्वतः बसच्या फळीवर टाकता येत नसेल तर मी जाणार नाही. दुसऱ्या कुणाला उचलायला सांगणं मला जमत नाही, आधीच सांगते.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की स्नायू फारच आखडलेत, एकदा मसाज थेरपिस्टकडे जाऊन या. त्यांनीच इंदिरानगरचा पत्ता दिला. चिठ्ठी आठवडाभर पर्समध्ये राहिली. मसाज म्हटलं की मला दोनच गोष्टी माहीत, बाळ-बाळंतिणीची मालिश आणि दिवाळीचं अभ्यंग. पहिल्याशी माझा कधी संबंध आला नाही. दुसरं आई करायची. मी एक्कावन्न वर्षांची, पण आई होती तोवर दर नरकचतुर्दशीला मला पाटावर बसवून पाठीला तेल चोळायची आणि वर म्हणायची, काय हाडं निघालीत गं. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. त्या दोन्ही वर्षी मी पाठीला तेल लावलंच नाही, हात पोचत होता तेव्हाही नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रजा टाकली. नाशिकला जाणाऱ्या एसटी चांदवडला सतत मिळतात, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. डावीकडची खिडकी धरली तर ऊन लागतं. मी तीच धरली होती. शेजारी शेवंतीची दोन गाठोडी घेऊन एक मावशी बसल्या, पंचवटीच्या बाजाराला निघाल्या होत्या. मी पिशवी फळीवर न टाकता मांडीवर घेतली, ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"खांदा धरला व्हय बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसं काही नाही. बरं आहे."

"बरं हाय तर मग पिशवी मांडीवर कशापायी?" म्हणत त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि वर टाकून दिली. मी आभार मानले आणि मनातून चिडले. पुढे पिंपळगाव बसवंतपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते. द्राक्षांचा हंगाम होता, ती पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसच्या बाहेर टेम्पोंची रांग लागलेली, त्यामुळे तिथे वीस मिनिटं गेली. या दिवसांत जाणार असाल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

मुंबई नाक्याला उतरून रिक्षा केली. वेळ अकराची होती, मी दहालाच पोचले. कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. गर्दीत एका चौकोनी कुटुंबाने मला त्यांच्या टेबलाच्या कडेला बसू दिलं, आणि त्यातल्या बाईने आपल्या नवऱ्याच्या शर्टावर पडलेला रस्सा बोलता बोलता पुसला, त्याच्याकडे न बघताच. मी पाव अर्धा टाकून उठले. मिसळ चांगली होती, तिखट पाहिजे असेल तर आधी सांगावं लागतं.

आता कामाचं. तिथे गेल्यावर काय होतं हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून नीट सांगते. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा. उदबत्ती नाही, अंधार नाही, पाण्याचा आवाज लावलेला नाही. थेरपिस्टचं नाव सोनल, पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. तिने आधी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रक्तदाब, साखर, ऑपरेशन, चालू गोळ्या, डॉक्टरांचा कागद. कुठे हात लावलेला चालणार नाही तेही विचारलं. मग स्पष्ट सांगितलं की एका खेपेत खांदा मोकळा होणार नाही, सहा-सात वेळा यावं लागेल आणि व्यायाम सोडायचा नाही. तासाचे बाराशे रुपये. मला हा सरळपणा आवडला.

मग माझा गाढवपणा. मी पिशवीतून जुना टॉवेल, सतरंजीवर घालायची चादर आणि खोबरेल तेलाची बाटली काढून तिच्यासमोर मांडली. पहाटे न्हाऊन, नवा परकर घालून निघाले होते. तिने बाटली हातात घेऊन वास घेतला आणि हसली. माझ्या सासूबाई असंच करतात, म्हणाली, आणि तेल चालेल असंही म्हणाली. तिच्याकडे गादीचं उंच टेबल होतं, स्वच्छ चादर होती. जेवढे कपडे काढायला संकोच वाटत नाही तेवढेच काढून, पालथं झोपून चादर ओढून घ्या, असं सांगून ती बाहेर गेली आणि दार वाजवूनच आत आली. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. चेहऱ्यासाठी टेबलाला एक गोल भोक असतं. त्यातून खालची फरशी आणि तिच्या निळ्या सपाता दिसत होत्या.

दाब जास्त वाटला तर लगेच सांगा, असं तिने दोनदा बजावलं होतं. तिने हात ठेवला. नुसता ठेवला, पाठीच्या मधोमध, आणि काही क्षण हलवलाच नाही. मला काय झालं ते सांगता येत नाही. तळहात ऊन होता. मग ती खांद्याच्या पात्याखाली शिरली आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे."

तिने अजून दाबलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा बरं आहे म्हटलं. मनात असं की बिचारी एवढे कष्ट घेतेय, कुरकुर कशाला करायची. कुणाकडे जेवायला गेल्यावर आमटी खारट असली तरी आपण छान झालीय म्हणतो, तसंच. तिसऱ्यांदा तिने हात थांबवला. सपाता टेबलाच्या खालच्या टोकाकडे गेल्या आणि परत आल्या.

"ताई, तुम्ही बरं आहे म्हणताय आणि पायाची बोटं घट्ट आवळून धरलीत," ती म्हणाली. "मला वाईट वाटेल म्हणून काही बोलू नका. मला आत दिसत नाही. तुम्ही सांगितलं तरच मला कळणार. कुठे दुखतंय?"

मी आठवून पाहिलं, कुणाला तरी दुखतंय असं शेवटचं कधी सांगितलं होतं. डॉक्टरांना म्हटलं होतं, हात वर जात नाही. कॉलेजात केसांचं सांगितलं. बहिणीला तर काहीच नाही. आई गेली त्या आठवड्यात घर भरलेलं होतं आणि जो येईल त्याला मी चहा देत होते.

"दुखतंय," मी फरशीकडे बघत म्हटलं. "तिथेच. खूप दुखतंय."

"थांबू का?"

"नको. हळू कर."

मग मी रडले. त्या भोकातून थेंब सरळ खाली पडतात, लपवायला जागा नसते. सोनलने एक हात पाठीवर तसाच ठेवला, पायाने कागदी रुमालांचा खोका टेबलाखाली सरकवला आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं, आता हळू. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. एकटं राहण्याच्या मी लिहिलेल्या सगळ्या फायद्यांच्या यादीत ही गोष्ट आली नव्हती, कारण ती माझ्याही लक्षात आली नव्हती.

तास संपल्यावर मी सवयीने चादरीची घडी घालून ठेवली. तिने हात वर करून बघायला सांगितलं. कानाच्या चार बोटं वर गेला. चारच, पण गेला. मग घरचा उपाय सांगताना ती म्हणाली की खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधे रोज कुणाकडून तरी तेल चोळून घ्या. मी म्हटलं, घरी कुणी नाही. ती अजिबात गडबडली नाही. टेनिसचा चेंडू मोज्यात घालायचा, मोज्याचं टोक हातात धरायचं, पाठ आणि भिंत यांच्यात चेंडू ठेवून हळूहळू खालीवर व्हायचं. भिंत नाही म्हणत नाही, हे तिचं वाक्य.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सावलीतल्या एका बाकावर दुपार उतरेपर्यंत बसून राहिले. मसाजनंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि लगेच प्रवास करू नये म्हणतात. लोक जोडीजोडीने चकरा मारत होते. मला कुणाचा हेवा वाटला नाही असं लिहिणार होते, पण वाटला. मग खेळण्यांच्या दुकानात जाऊन चेंडू घेतला. दुकानदाराने विचारलं, नातवाला का. मी म्हटलं, नाही, मलाच, खांदा दुखतो. त्याने निवडून घट्टसा दिला.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवरच होती. आता ती तिथे का आहे हे कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. स्पितीचं अजून ठरवलेलं नाही. सहा खेपा होऊ देत, मग बघू. ब्लॉगच्या माथ्यावरचं वाक्य मात्र काढलंय, तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी सकाळी माझी धाकटी बहीण मंजू पुण्याहून फोन करते. पाच मिनिटांचं काम असतं. ती विचारते कशी आहेस, मी म्हणते बरं आहे, मी विचारते तू कशी, ती म्हणते बरं आहे, मग पाणी किती दिवसांनी येतं वगैरे. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून चेंडूवर पाठ घासत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"कशी आहेस ताई?"

"दुखतंय गं," मी म्हटलं. "खांदा. आठ महिने झाले. आणि आईची फार आठवण येते."

पलीकडून मंजूच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

"ताई, मलाही बरं नाहीये," ती म्हणाली. "किती दिवस झाले."

मी चेंडू खाली पडू दिला आणि तिथेच फरशीवर बसले. आजचा फोन पाच मिनिटांत संपणार नव्हता.

"सांग," मी म्हटलं. "कुठे दुखतंय?"