अखोरचा अर्थ

सातवीत असताना मी खामगावला एका मिशनच्या वसतिगृहात राहत होते. आमचं घर बौद्ध. पण मुलीचं इंग्रजी सुधारावं म्हणून वडिलांनी मला तिथे ठेवलं. माझ्याच गावची, वरवट बकालची, एक मुलगी शेजारच्या खाटेवर असायची.

एकदा वॉर्डनबाईंचं घड्याळ हरवलं. "माझ्या खोलीत कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं. मी चटकन तिचं नाव घेतलं. ती तिथला माठ भरायला गेली होती, हे मला माहीत होतं. तेवढं मी सांगितलं नाही. मला बाईंची मर्जी हवी होती.

संध्याकाळी बाईंनी आम्हाला अंगणात बसवून यहुद्यांच्या शास्त्रातली गोष्ट सांगितली. यरीहो शहराच्या लुटीतलं, देवासाठी राखलेलं सोनं-चांदी एका माणसानं चोरून आपल्या तंबूत पुरलं. लोकांनी त्याला मुलाबाळांसकट एका खोऱ्यात नेऊन दगडांनी ठेचलं आणि वर दगडांची रास रचली. त्या खोऱ्याचं नाव पडलं अखोर. अखोर म्हणजे संकट.

मग बाईंनी माझ्या गावच्या त्या मुलीला भिंतीशी उभं केलं. "एकेकीनं एक ढेकूळ मारायचं." मुली हळूच तिच्या पायांवर टाकत होत्या. मी नेम धरून मारलं. भुवई फुटली.

"मले काऊन मारलं वं?" ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन गेले. आठवड्यानं घड्याळ बाईंच्याच शिलाई मशीनच्या खणात सापडलं. बाईंनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले. तिला परत बोलवा, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

शिक्षिका झाल्यावर ते शास्त्र मी स्वतः वाचलं. अखोर नेमकं कुठे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण पुढे एका संदेष्ट्यानं सांगितलं होतं, की हेच खोरं आशेचं दार होईल. बाईंनी हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं.

गेल्या वर्षी पत्ता काढत मलकापूरच्या भाजीबाजारात तिच्यापर्यंत पोचले. माफी मागितली, घड्याळाचं सांगितलं, आणि घाईघाईनं ते आशेचं दारही.

ती वांगी निवडत राहिली. "घड्याळ सापडलं, हे तू आज सांगून राह्यली?"

मी मान डोलावली.

"माहा बाप मेला ना वं. मरेपर्यंत त्याले मी चोरच होती."

तिनं किडकं वांगं बाजूला फेकलं.

"जाय आता," ती म्हणाली. "गिऱ्हाईक येऊन राह्यले."