अंगठ्याची दोरी

भंगारातून उभा केलेला लेथ. घरामागचा सोळा पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरी बरोबर सात इंच. लेकीची पहिली सायकल. आणि पॉवरलूमचे इतके सुटे भाग, की आमच्या गल्लीतले निम्मे माग त्यावर चालतात... हे सगळं या दोन हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही.

चार महिन्यांपूर्वी त्यातल्याच उजव्या हातावर पत्र्याची धार फिरली. अंगठ्याच्या बुडाशी.

सिव्हिलमध्ये गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी रक्त थांबवलं, जखम धुतली, टाके घातले. सगळं मोफत, आणि टाके एकसारख्या अंतरावर... मी बघितले. मग म्हणाल्या, "काका, अंगठा वाकवा."

सगळा जोर लावला. अंगठा तसाच.

अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटली होती. आठवड्याभरात जोडायला हवी, पण हाताचे सर्जन तिथे नव्हते. विमा आहे का, असं त्यांनी विचारलं. बायकोनं, सुनीतानं, पॉलिसी काढली तेव्हा मीच हसलो होतो, माणसाला काय गॅरंटी कार्ड असतं का म्हणून.

शेजारी उभी सुनीता हळूच म्हणाली, "अहो, ते गॅरंटी कार्ड कपाटात हाय. आणू का?"

तिसऱ्या दिवशी खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन. नुसता हात बधिर केला, मी जागाच. हिरव्या पडद्यापलीकडे हात कुठंतरी तरंगत होता... एसीची घरघर लांबच्या मागासारखी येत होती. वाटलं, कुणीतरी ताण्याचा तुटलेला धागा शोधतंय, दोन्ही टोकं सापडलीत, आता माग सुरू होईल...

"वाकवा," सर्जन म्हणाले.

पडद्याच्या फटीतून बघितलं. अंगठा वाकला. झोपेतून उठून कुणी मान डोलवावी तसा.

पुढचे व्यायाम पुन्हा सिव्हिलमध्येच. अंगठा किती वाकतो ते मोजायला मी पत्र्याचा कोनमापक करून नेला, व्यायाम घेणाऱ्या मॅडम हसल्या, पण आकडा त्यावरूनच लिहायच्या. विमा म्हणजे सरकारी दवाखान्यावर अविश्वास, असं मला वाटायचं. आता सिव्हिलचा केसपेपर आणि पॉलिसी एकाच फाइलीत ठेवलीय. फाइल सुनीताकडे.

हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा ओळखीचे एक कारखानदार लेथ विकत मागायला आले होते. आता तो चालवणार कोण, म्हणाले.

काल परत आले. मी लेथवरच होतो. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि भाव वाढवला.

एक लाख चाळीस हजार. नाही म्हणालो.