देवाशिवाय साक्ष
अगरबत्तीच्या वासाने मला सोलापूरच्या कोर्टातला उकाडा आठवतो. वंदना करून आलेल्या आईच्या पांढऱ्या साडीला तोच वास होता. शेजारणीला तिच्या नवऱ्याने मारताना आईने पाहिलं होतं, म्हणून ती साक्षीला उभी राहिली. “ईश्वराची शपथ घ्या,” कारकून म्हणाला. आई म्हणाली, “आमी बौद्ध. देव मानत न्हाय.” तो हसला. “मग बाई, तुम्ही खरं बोलाल कशावरून?” आईचा आवाज चढला. “खोटं बोलणार न्हाय म्हणून रोज पंचशील घेते की मी! त्याला देव कशाला लागतोय?” न्यायाधीशांनी नुसती प्रतिज्ञा चालेल म्हणून सांगितलं. आईनंतर शेजारणीच्या दिराने ईश्वराची शपथ घेतली आणि भाऊ त्या दिवशी गावातच नव्हता, असं बेधडक सांगितलं. खरं कशावरून, हे त्याला कोणीच विचारलं नाही. आजही माझं डोकं तापतं.