वालूरचा संडास आणि चौसष्ट अंगठे

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या कंपनीच्या वालूर केंद्रावर सोयाबीनचे नमुने तपासणाऱ्या मावशींवर अन्याय झाला. करणारी मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच लोकांना बोलणार आहे.

आमची कंपनी शेतमाल विकत घेते आणि साठवते. गावोगाव केंद्रं, परभणीत जिल्हा कार्यालय, पुण्यात मुख्यालय. या मुख्यालयानं सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एक ॲप काढलं. लिहा, फोटो टाका, एकमेकांना अंगठा द्या, सगळं असतं तसंच; फक्त आत कंपनीचीच माणसं. परभणी जिल्ह्यात ते ॲप जिवंत ठेवायचं काम माझ्याकडं आलं, कारण कॉलेजात मी पत्रकं काढायचे. एसटीचा पास, वसतिगृहाचं पाणी, ग्रंथालयाची वेळ, कशावरही. मुलाखतीत जिल्हा कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं, लोकांना बोलतं करता येईल का. मी म्हणाले, गप्प बसवता येत नाही एवढंच. नोकरी लागली.

पहिले दोन महिने ॲपवर गुलाबाची फुलं आली. शुभ सकाळ, शुभ सोमवार, शुभ एकादशी. आणि एक शिस्त अशी की साहेबांच्या आधी कुणी अंगठा द्यायचा नाही. साहेब बाराच्या आत मीटिंगमधून बाहेर येत नसत, त्यामुळं सगळा जिल्हा बारापर्यंत अंगठा वर करून बसलेला असायचा. साहेबांनी दिला की धडाधड सगळ्यांचे पडायचे. बाया तर अजिबात लिहीत नव्हत्या. मी चिडले. मोठ्या लाल अक्षरांत फलक केला, 'बायांनो, बोला', आणि रोज सकाळी ॲपवर चढवू लागले.

एक बाई बोलली. वालूरच्या मावशी. पन्नाशीच्या, नमुने तपासण्यात हात बसलेला, फोन सुनेनं शिकवलेला. त्यांनी लिहिलं होतं: 'वालूर केंद्रात बायकांच्या संडासात बारदाना भरून ठेवला आहे. तो काढावा ही विनंती.' खाली फोटो. उघडं दार आणि आत जमिनीपासून पत्र्यापर्यंत रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे.

मी त्यातलं काय वाचलं? बाईचं नाव. बाई बोलली, एवढंच मला दिसलं. अकरा वीसला मी त्यांना 'आठवड्याचा तारा' दिला आणि खाली लिहिलं, 'मावशी, अशाच व्यक्त होत राहा.' साहेबांनी बारा वाजता अंगठा दिला. संध्याकाळपर्यंत चौसष्ट झाले. पोखर्णी केंद्राच्या मापाड्यांनी लिहिलं, 'लय भारी थप्पी मारली.' ज्यांनी ती पोती तिथं ठेवायला लावली होती, त्या वालूरच्या केंद्रप्रमुखांचाही अंगठा त्यात होता. साहेबांचा पडला म्हटल्यावर ते कसे मागं राहतील?

दोन दिवसांनी मावशींचा फोन आला.

"पोरी, तो तारा तेवढा उतरव. घरी सून विचारायली, कशाबद्दल मिळाला म्हणून. काय सांगू तिला?"

तेव्हा मी पोस्ट वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून वालूर गाठलं.

केंद्रप्रमुखांनी चहा मागवला. माणूस वाईट नाही, पण अशा माणसांचंच मला जास्त भय वाटतं. म्हणाले, मॅडम, हंगामाचा बारदाना आधी येऊन पडतो, बाहेर पाऊस, केंद्रात कोरडी जागा तेवढीच. मी विचारलं, ती कोरडी का. तर म्हणाले, तिथं नळच जोडलेला नाही. म्हणजे आधी नळ दिला नाही म्हणून बायांनी जायचं नाही, आणि बाया जात नाहीत म्हणून पोती ठेवायची. हे मी त्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बिस्किटाचा पुडा पुढं सरकवला.

मावशी मला वजनकाट्यामागं घेऊन गेल्या. सकाळी सहाला घरी एक कप चहा, त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब नाही, असं त्यांचं चाललेलं. दोनदा दवाखाना झाला होता. "डॉक्टर म्हणतो, पाणी पी. मी म्हणलं, पिते, तू संडास दे." शेजारी एक बाई पोती शिवत होती, ती हंगामात ऊसतोडीला जाऊन आलेली. ती वर न बघता म्हणाली, "उसात तरी आडोसा असतो."

मी जागच्या जागी मोहीम आखली. पुढच्या गुरुवारी दुपारी एक वाजता, जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांच्या लोकांनी ॲपवर एकदम एकच ओळ लिहायची: वालूरचा बारदाना हलवा. एकाच मिनिटाला शंभर ओळी आल्या तर पुण्याला दिसेलच. सगळ्यांना सूचना पाठवते म्हणून मी फोन काढला. मावशी बघत राहिल्या.

"आवतन दिलंस का?"

मी म्हणाले, हेच की, सूचना.

"जेवायचं आवतन कुणी भिंतीला लावतं का? लावलं तर येतंय कोण? दारात जावं लागतं, हातात अक्षता द्याव्या लागतात. मग माणूस न्हाई म्हणत न्हाई."

मला ते पटलं. माझी चौसष्ट अंगठ्यांची कमाई समोर होतीच. मावशींनी हळदीत तांदूळ घोळवून कागदात बांधून दिले आणि मी केंद्राकेंद्रावर फिरले. पोखर्णी, चुडावा, वाटेतली बाकीची. काट्यावर, गोदामात, ओलावा तपासायच्या टेबलाशी, एकेकाच्या तळहातावर चार-चार दाणे ठेवले आणि सांगितलं: गुरुवारी एक वाजता, वालूरच्या बारदान्यासाठी, ॲपवर या. सगळे म्हणाले, येतो की. चुडाव्याच्या म्हाताऱ्या हमालमामांनी विचारलं, बायकांना आणायचं का. मला वाटलं, फोनवर बायकांनीही लिहायचं का, असं ते विचारतायत. मी म्हणाले, जरूर आणा.

गुरुवारी मी सकाळपासून वालूरला, केंद्रप्रमुखांच्या खोलीत, फोन पुढ्यात ठेवून बसले. एक वाजला. ॲपवर काही नाही. एक वाजून दहा मिनिटं. एक गुलाबाचं फूल आलं, तेही सकाळचं उशिरा पोचलेलं. केंद्रप्रमुख सहानुभूतीनं बघायला लागले, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मनात मी अख्ख्या जिल्ह्याविरुद्ध एक पत्रक लिहायला घेतलं.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. खिडकीतून बघते तर पोखर्णीची पिकअप, मागं उभी माणसं, मापाडी पुढं. त्यांच्या मागून सेलूहून आलेली काळीपिवळी जीप. तिच्यातून चुडाव्याची मंडळी उतरली, सेलूपर्यंत पॅसेंजर रेल्वे धरून आलेली, चौघी बाया आणि हमालमामा धुतलेल्या कपड्यांत. हंगाम सुरू व्हायचा होता, सगळ्यांनी अर्धी रजा टाकली होती. हातात डबे.

मी पळत जाऊन मापाड्यांना म्हणाले, मी फोनवर लिहा म्हटलं होतं, इथं कुठं आलात.

"ताई, अक्षता हातात दिल्यावर फोनातून कसं यावं?" ते म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

केंद्रप्रमुख बाहेर आले आणि त्यांचा रंगच बदलला. कर्मचारी म्हणून आले असते तर त्यांनी हाकललं असतं. हे पाहुणे होते. त्यांनी लगबगीनं पाण्याचा माठ पुढं करायला लावला. सगळे पाणी प्यायले. चुडाव्याच्या चौघींनीही पोटभर पाणी पिऊन घेतलं, प्रवासातून आलेल्या, आणि मावशींना विचारलं, बाथरूम कुणीकडं.

मी तिथं एक घोषणा देणार होते, पाठही केली होती, पण केंद्रप्रमुखांचा चेहरा बघून ती दिलीच नाही. पाहुण्या बाईला संडासाची वाट दाखवता येत नाही, ही शरम त्यांना माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त लागली होती.

हमालमामांनी अंगण न्याहाळलं. चिखल होता. "बसायचं कशावर?"

"बारदाना हाय की," मावशी म्हणाल्या. "काढा."

हमाल लोकांचं काम कधी बघितलंय? एक रांग धरली, हातोहात गठ्ठे बाहेर, दहा मिनिटांत संडास रिकामा. दोन ओळींत पोती अंथरली आणि पंगत बसली. कडी नव्हती, म्हणून एक आत गेली की दुसरी दाराशी पाठ लावून उभी राहायची. नळ नव्हता, म्हणून मापाडी बादल्या भरून आणत होते. केंद्रप्रमुखांनी भजी मागवली आणि स्वतः वाढली, कारण पाहुणे जेवत असताना यजमानाला बसता येत नाही. त्या सगळ्या वेळात ॲपवर एक ओळ पडली नाही.

जेवणं झाल्यावर पोती उचलायची वेळ आली. कोरडी जागा आता एकच उरली होती. हमालमामांनी कुणाला न विचारता केंद्रप्रमुखांच्या खोलीत थप्पी मारली, खिडकीपर्यंत, एक कोपरा बाहेर नाही. केंद्रप्रमुख तेव्हापासून ओट्यावर टेबल टाकून बसतात. तिथून काटा चांगला दिसतो म्हणतात.

संध्याकाळी मावशींनी पोस्ट टाकली. रिकामा संडास आणि खाली, 'मोकळा झाला. कडी नाही, नळ नाही.' या वेळी साहेबांची वाट कुणी बघितली नाही. मापाड्यांनी लिहिलं, कडी आमच्याकडं जादा हाय, आणतो. चुडाव्याच्या एकीनं लिहिलं, दाराला खालून फट हाय, फळी ठोका. हमालमामांचा भाचा नळाचं काम करतो, त्याचा नंबर आला. एकही फूल नाही. मुख्यालयाला हा आमच्या जिल्ह्यातला उत्साह फार आवडला, त्यांनी मला तारा दिला. मी परत पाठवला आणि नळाचा अर्ज जोडला. कडी बसली आहे. नळ अजून नाही, भाचा 'उद्या येतो' म्हणतो. मावशी मात्र आता दहा वाजता पहिला तांब्या पितात, मला फोटो काढून पाठवतात.

आता तुम्ही. उद्या बाराच्या आत तुमच्या कामाच्या जागी बायकांच्या संडासापाशी जा. पुरुष असाल तरी जा, दार वाजवा, कुणी नसेल तर उघडा. आत पोती, मोडक्या खुर्च्या, झेंड्याचा खांब, बंद पडलेला संगणक, जे असेल ते त्याच दिवशी बाहेर काढा आणि ज्यांनी ठेवलं त्यांच्या खोलीत नेऊन लावा. कडी आणि नळ तपासा. आणि कुण्या बाईनं याबद्दल आधीच कुठं लिहून ठेवलं असेल, तर अंगठा खिशात ठेवून ते शेवटपर्यंत वाचा, मग उठा.