लाल फितीची बाटली

सिंगापूरच्या चांगी विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटली. धाकटी बहीण मंदा मरीन परेडला राहते. तिच्या इमारतीपासून हमरस्त्याखालच्या बोगद्यातून समुद्रकाठच्या बागेत जाता येतं. मी पेन्शनर, सकाळी तिथं फिरणं एवढंच काम.

तिसऱ्या दिवशी बाकावर पोटरी चोळत बसलेली रेनाटे भेटली. स्वित्झर्लंडची लांब पल्ल्याची धावपटू, वय अडतीस. आपल्याला चौकशा केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे नोकरीपासून आईवडिलांपर्यंत सगळं विचारून झालं. डोंगरातल्या गावात ती सकाळी टपाल वाटायची, दुपारी धावायची. तशीच देशाच्या संघात पोहोचली. मग टाचेच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या.

"रविवारची मॅरेथॉन शेवटची संधी," ती म्हणाली. "ठरलेल्या वेळेत आले तर संघात. नाहीतर पूर्णवेळ टपाल."

"पाण्याच्या एका टेबलावर आम्हीच आहोत," मी फुशारकी मारली. "तुमची बाटली मी स्वतः सांभाळतो."

ते टेबल इथल्या मराठी मंडळींनी घेतलं होतं. रविवारी अव्वल धावपटूंच्या खास पेयाच्या बाटल्या एका बाजूला मांडलेल्या, इतरांसाठी कागदी कप. रेनाटेच्या बाटलीला लाल फीत होती. शब्द दिला होता म्हणून ती मी टेबलावर न ठेवता हातातच धरली.

अर्ध्या अंतराचे लोक आधी सुटले होते. कप संपले, मंदा पाणी आणायला गेली. तेवढ्यात धावणाऱ्यांतले एक वृद्ध चिनी गृहस्थ टेबलाला धरून थांबले. ओठ पांढरे पडलेले.

"बॉस, गॉट वॉटर ऑर नॉट?"

पाणी मागितलं आणि माझा हात पुढे झाला. मधे विचार म्हणून झालाच नाही. ते बाटली घेऊन निघूनही गेले.

थोड्या वेळानं रेनाटे आली. तिनं टेबलावर नजर फिरवली, मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि न थांबता गेली. शेवटच्या टप्प्यात ती चालायला लागली, असं नंतर कळलं. वेळ हुकली.

संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी (आटवलेल्या दुधाची इथली कॉफी) समोर ठेवून मी रेनाटेपाशी सगळं कबूल केलं. लाजेनं मान वर होईना.

तिनं कोपीचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "तो म्हातारा पोहोचला का?"

मला माहीत नव्हतं.

"मामा, फोटोज हॅव वन लाह," फोटो असतातच, म्हणत मंदाच्या मुलीनं शर्यतीचे फोटो धुंडाळले. निघायच्या दिवशी तो सापडला: अंतिम रेषेवर गृहस्थ, हातात लाल फितीची बाटली. मी तो रेनाटेला धाडला.

पुण्यात पोहोचलो तेव्हा तिचं उत्तर आलेलं होतं. "पोहोचला तर. आता मला झोप लागेल. सोमवारपासून टपाल."

तिनं माफ केलं. मला स्वतःला अजून जमलेलं नाही. पण खरं सांगायचं तर, उद्या तसंच कुणी समोर उभं राहिलं तर हा हात पुन्हा पुढे होईल.