मामांचा राहिलेला शब्द

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मिळून एखाद्याला जेवढी लाज आणू शकतील, तेवढी मला एकट्या मामांनी आणली आहे. हे माझ्या बायकोचे मामा, निमोण्याचे. बागायत चांगली, सुपारीचंही व्यसन नाही, नाद एकच, अवघड शब्दांचा. कीर्तनकार असो की वकील, त्याच्या तोंडून एखादा अनोळखी शब्द निसटला की मामा त्याला गाठून अर्थ विचारणार आणि दिवस मावळायच्या आत तो कुठेतरी वापरून टाकणार. "शब्द नुसता ठिवला की ज्वारीवानी किडतो, जावईबापू," असं त्यांचं म्हणणं.

शब्द त्यांनी वापरायचे आणि मान मी खाली घालायची. दौंडला स्टँडसमोरच्या टपरीवर ते भर गर्दीत म्हणाले, "च्या कषाय झालाय." टपरीवाला बघतच राहिला. "म्हंजी तुरट," मामांनी समजावलं. मग आधीच तुरट म्हणायला काय झालं होतं? कुरकुंभला माझ्या कंपनीच्या गेटवर त्यांनी नव्या बिहारी वॉचमनला विचारलं, "आत जायाला काय प्रत्यवाय हाय का?" म्हणजे हरकत. त्याने काही न कळून त्यांची पिशवीच रिकामी केली. निघाली वांगी, माझ्यासाठी आणलेली. सगळी शिफ्ट हसत होती आणि मी ओळख न दाखवता कॅन्टीनमध्ये सटकलो.

गेल्या महिन्यात माझी आई गेली. आमच्या इनामगावात दहावा नदीकाठी होतो आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत माईकवर श्रद्धांजलीची भाषणं चालतात. कंपनीतले साहेब यायचे होते, म्हणून आदल्या दिवशीच मी मामांना हात जोडले, "मामा, उद्या तेवढं बोलू नका." ते नुसतं "व्हय" म्हणाले.

पुढारी मात्र बोलले. प्रत्येकाच्या भाषणात आई मनमिळाऊ, धार्मिक आणि कष्टाळू होती. शेजारच्या आप्पांच्या दहाव्यालाही हेच तीन शब्द होते. माझी आई चार बायकांत कधी बसली नाही आणि देवळाची पायरी क्वचितच चढली. शेवटी मी चिडून माईक घेतला. आई होती तशी सांगावी म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आई फार मनमिळाऊ होती." खाली बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोक पांगल्यावर मी मामांना विचारलं, "तुम्ही काय बोलणार होता?"

"एकच शब्द हुता. निगुत," ते नदीकडे बघत म्हणाले. "दळण सांडलं तर तुमची आई दाणा न् दाणा येचायची. फाटक्या लुगड्याची वाकळ अशी शिवायची, की टाका दिसायचा न्हाई. लई निगुतीची बाई."

आई समोर येऊन बसल्यासारखी वाटली. मंडपवाला माईकची वायर गुंडाळत होता आणि तो शब्द ऐकायला मी एकटाच उरलो होतो. मला माझीच लाज वाटली.

तेव्हापासून मामा माझ्यासमोर अगदी साधं बोलतात. परवा आम्ही दौंडला त्याच टपरीवर बसलो होतो. चहा उकळून उकळून कडवट तुरट झाला होता. मीच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, चहा कषाय झालाय, नाही?"

टपरीवाला हसला. मामांनी बशी फुंकली.

"न्हाई जावईबापू," ते म्हणाले, "बरा हाय."